पंपाच्या खोलीमागची जांभळी

अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, आणि गोजर कुडाला कान लावून सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकत होती. ऐकायला नको होतं हे खरं. पण कूड कारवीचा, त्यावरचं शेण पोपडे धरून गळलेलं, आणि भांडणारी दोन्ही माणसं या शेतातून त्या शेतात हाक मारायची सवय असलेली. कान झाकले असते तरी ऐकू आलंच असतं. म्हणून तिने झाकले नाहीत.

"खळ्याच्या कडेला काय जंगल माजवलंयस?" सासरा हिरामण विचारत होता.

"जंगल नाय ते. जांभळी हाय," सासू भागीरथी म्हणाली.

"तण ते तण. उद्या फावडं घालतो."

"घाल."

"घालणारच."

"घाल म्हणते ना. गेल्या साली घातलंस, त्याच्या आदल्या साली घातलंस. औंदा काय तुझ्या हाताला मेंदी लागली?"

"मग दर साली परत येतं कुठून?"

"मला काय माहीत? तुझ्या फावड्याला विचार."

गोजरला वाटलं संपलं. तेवढ्यात भागीरथीचा आवाज आला, पण आता तो शेतातला नव्हता, घरातला होता. "या घरात पायाखाली टोचत नाय असं तेवढंच हाय. तेवढं राहू दे की."

सकाळी उठून हिरामणने फावडं घेतलं आणि खळ्याची कड तासून साफ केली. दुपारी तो जेवून आडवा झाला, तशी भागीरथी कनवटीची चंची सोडत बाहेर गेली. चंचीत तंबाखू असतो हे गोजरला ठाऊक होतं. पण सासूने चिमूट काढली ती तोंडात टाकली नाही, तासलेल्या मातीवर टाकली आणि पायाने वरवर माती सारली. मान वळवली तर दारात सून.

"काय बघतंस? तंबाखू खातंस काय?"

"नाय."

"मग हात पुढे कर."

गोजरने हात पुढे केला. सासूने तिच्या तळव्यावर पिवळट, खसखशीहून थोडं मोठं असं बी ओतलं, आणि त्या दिवसापासून हिरामणच्या फावड्याला दोघीजणी पुऱ्या पडू लागल्या.

जांभळी म्हणजे जांभळाचं झाड नव्हे. त्याच्याशी हिचं काही नातं नाही. ही वीत-दीड वीत वाढणारी, आणि तीही उभी राहायला आळशी. शेंडा खुडत राहिलं की जमिनीशी पसरते आणि माती झाकून टाकते. पान बारीक, टोकदार. फूल म्हणजे जवळजवळ एकच पाकळी, जांभळट गुलाबी, फावड्याच्या पात्यासारखी पुढे आलेली. कुणीतरी जीभ काढून वेडावतंय असं दिसतं. शेंग वाटाण्याहून लहान. ती पिकली की बोटाचा धक्का लागायचा अवकाश, तीन फाका होतात आणि बी टपकन हातभर लांब उडतं. वैद्यलोक हिला रतनपुरुष म्हणतात. नाव पुरुषाचं, पण गावात कुणा पुरुषाने तिला कधी विचारलं नाही, म्हणून बायकांनी आपलं बाईचं नाव ठेवलं.

पुढे शेत दिरांकडे राहिलं आणि गोजरच्या नवऱ्याला, शंकररावांना, उल्हासनगरात कॅम्प दोनमध्ये लेथच्या कारखान्यात काम लागलं. बदलापूरच्या पलीकडचं ते गाव सोडताना गोजरने तीन गोष्टी मागून घेतल्या: पाटा, वरवंटा आणि सासूची चंची. पहिल्या दोन मोठ्या जावेला द्यायला जड गेल्या. तिसरी कुणी मागितलीच नसती.

चाळीत कुठली माती? वर्षानुवर्षं तिने पत्र्याच्या डब्यात दोन-चार रोपं जगवून बी राखलं. शंकरराव गेले, मुलगा सुयोग कमावता झाला, सून किर्ती आली, नात अक्षदा झाली, आणि सगळे कॅम्प चारमधल्या चार मजली इमारतीत राहायला आले. इमारतीत लिफ्ट नव्हती, गच्चीला कुलूप होतं, आवार म्हणजे सगळं सिमेंट. फक्त पंपाच्या खोलीमागे, दोन बाजा मावतील एवढी जागा बिल्डर विसरून गेला होता. तिथे विटांचे तुकडे, फुटकं कमोड आणि कुणाचीतरी जुनी कुंडी पडलेली. गोजरबाईने ती जागा पाहिली आणि तिला सासरी आल्यासारखं वाटलं.

तिने डबर उपसलं. गावाला जाईल तेव्हा येताना पिशवीतून माती आणायची, रिक्षावाल्याला सांगायची तांदूळ आहेत, आणि तो उचलून म्हणायचा, "आजी, लई जुना तांदूळ दिसतो." पहिल्या वर्षी तिने बी पेरलं आणि मुंग्यांनी ते सगळं पळवलं. तिने मुंग्यांना अशा शिव्या दिल्या की दुसऱ्या मजल्यावरच्या वेणूबाईने खिडकी लावून घेतली. दुसऱ्या वर्षी बघते तर भिंतीच्या बुडाशी, जिथे मुंग्यांचं बीळ होतं, तिथेच जांभळीची रांग उगवलेली. मुंग्यांनी बीवरचा खायचा भाग खाल्ला होता आणि बी दारात टाकून दिलं होतं. तेव्हापासून ती मुंग्यांना साखर घालू लागली. वेणूबाईला म्हणाली, "गडी माणसं लावलीत मी. पगार कमी, पण खाडा नाही."

तीन-चार वर्षांत तिथे चादर अंथरावी तशी जांभळी पसरली. संध्याकाळी गोजरबाई आणि वेणूबाई उलट्या क्रेटवर बसायच्या आणि चपला काढून पाय तिच्यात सोडायच्या. वेणूबाई मूळची मालवणाकडची, गुडघ्याने त्रासलेली. पाय टेकले की म्हणायची, "गादी गे बाय, गादी." अक्षदाने एकदा फोनवर फोटो काढून शोधलं.

"आजी, ही व्हायोलेटच्या फॅमिलीतली आहे. जगभर फेमस फॅमिली आहे."

"म्हणजे घराणं चांगलं आहे," आजी म्हणाली. "मला वाटलंच होतं. कुणी तासलं तरी तोंड वाकडं करत नाही."

तर अशी ती जागा. आणि तिच्यावर सेक्रेटरीचा डोळा गेला.

सेक्रेटरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा राजरत्न. अंबरनाथला फॅक्टरीत कामाला. बोलायला गोड, पण ठरवलेलं न सोडणारा, आणि आपली मोटारसायकल रोज सकाळी लहान लेकराचं तोंड पुसावं तशी पुसणारा. ती गाडी बाहेर रस्त्यावर लागायची. पाण्याच्या टँकरने तिला घासलं, मग कुणाच्या तरी टेम्पोने, मग परत टँकरने. राजरत्नने गच्चीचं कुलूप काढून तिथे मीटिंग बोलावली.

"पंपाच्या मागे पेव्हर ब्लॉक टाकले की सगळ्यांच्या टू-व्हीलर आत येतील," तो म्हणाला. "ठेकेदार परवाच माणसं पाठवतोय."

"आणि माझी जांभळी?" गोजरबाईने विचारलं.

"मावशी, ती कुंडीत लावा. कुंडी मी स्वतः आणून देतो. मोठी."

"राजा, तुला कुणी म्हणालं, फ्लॅट सोड, तुला मोठी कुंडी आणून देतो, तर जाशील का?"

गच्ची हसली. हसताना सगळेच तिच्या बाजूचे होते, हात वर करताना कुणीच नव्हतं. सुयोगनेही हात वर केला. त्याचीही गाडी बाहेरच लागायची.

"हात खाली घे रे," आई म्हणाली. "खांदा दुखेल. घरी आल्यावर अजून दुखेल."

रात्री ती जेवली नाही असं नाही, जेवली. पण किर्तीच्या लक्षात आलं की सासूबाई काही बोलत नाहीयेत, आणि तिला काळजी वाटली. सासूबाई रागावल्या की बोलतात. बोलत नाहीत तेव्हा काहीतरी शिजत असतं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी शिजलं. इमारत जेवून सुस्तावली होती. गोजरबाईने स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. जुना, एका टोकाला टवका उडालेला, पन्नास वर्षांच्या चटण्यांनी गुळगुळीत झालेला. पदराखाली घेऊन ती खाली उतरली, जांभळीच्या मधोमध त्याला उभा केला, डुगडुगला म्हणून उजवीकडे विटेचा तुकडा सारला आणि तेलात कालवलेला शेंदूर दोन बोटांनी त्याला फासला. मग झेंडूचं एक फूल पुढ्यात ठेवून ती वर जाऊन झोपली. झोप चांगली लागली.

ठेकेदाराची माणसं फावडी घेऊन आली. त्यांच्यातला मोठा, बबन, पंपाच्या खोलीला वळसा घालून गेला आणि उलट पावली परत आला. डोक्यावरची टोपी त्याच्या हातात होती.

"सेक्रेटरी साहेब, हे काम आपल्याच्याने नाय होणार."

"का?"

"देव हाय तिथे."

"कालपर्यंत नव्हता."

"तेच तर ना साहेब. कालपर्यंत नव्हता न् आज हाय. आम्ही बायकापोरांची माणसं." आणि फावडी टेम्पोत चढली.

कमिटीतले दोघंतिघं खाली येऊन हात जोडून गेले. राजरत्न एकटाच उकिडवा बसून दगडाकडे बघत राहिला. गोजरबाई वरून खाली आली, अगदी सहज, कचरा टाकायला.

"मावशी, आमच्या घरी दगडाला शेंदूर लावत नाहीत," तो हळूच म्हणाला. "त्यामुळे मला हा दगडच दिसतो. आणि नीट बघितलं तर वरवंटा दिसतो."

"डोळे चांगले आहेत तुझे. जप त्यांना."

"तुमच्या नखात शेंदूर आहे."

"मिरचीचा ठेचा केला सकाळी."

"कशावर?"

गोजरबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. "मिक्सरवर," ती म्हणाली. "सुनेच्या."

राजरत्न उठला, हात झटकले आणि गाडी पुसायला गेला. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'तुमचा देवावर विश्वास नाही म्हणून तुम्ही असं म्हणता' असं चारचौघांत कुणीतरी म्हणालं असतं, आणि त्या वादात त्याला पडायचं नव्हतं. हे गोजरबाईला ठाऊक होतं. तिने ते आधीच धरून ठेवलं होतं, चंचीतल्या बीसारखं.

इथवर सगळं तिच्या मनासारखं झालं. पण देव एकदा बसवला की तो काही बसवणाऱ्याचा राहत नाही.

आधी नारळ आले. मग उदबत्त्या, त्या खोचायला जांभळीतच बटाट्याचे तुकडे. शेजारच्या दोन इमारतींतल्या बाया दर मंगळवारी येऊ लागल्या, आणि देवाजवळ जायचं म्हणजे जांभळी तुडवूनच जायचं. कुणी दूध ओतलं. ते नासून माशा झाल्या. आणि वेणूबाईचा गुडघा! तिने देवाला ओल्या डोळ्यांनी सांगितलं होतं की जिना चढवत नाही रे बाबा, आणि आठवड्याने ती न थांबता दोन मजले चढली. त्या आठवड्यात तिच्या लेकीने नवीन तेल आणून दिलं होतं, पण ते कुणी ऐकून घेईना. वेणूबाई तर नाहीच. ती खिडकीतून दगडाला हात जोडायची तेव्हा गोजरबाईला दुसरीकडे बघावं लागायचं. या बाईला कसं सांगणार, की अगो, तू ज्याला हात जोडतेस त्याने काल-परवापर्यंत लसणाची चटणी वाटली?

आणि मग तळमजल्यावरचा जयदेव सेठ आला. जयदेव सिंधी, फरश्यांचं दुकान, अंगठ्या चार आणि मन मोठं.

"अम्मा," तो म्हणाला, "भगवान खुद चलके आया, और हम उसको घास में बिठाएंगे? शोभतं का आपल्याला? टाइल मेरा. ग्रॅनाइट मेरा. ऊपर छोटासा घुमट. खाली सब चकाचक, भिंतीपासून भिंतीपर्यंत."

"भिंतीपर्यंत कशाला सेठ? देव केवढासा!"

"देव छोटा, भक्त बड़े है ना अम्मा. खडे कहाँ रहेंगे? बस, बाहर एक बोर्ड. दुकान का नाम. छोटासा." त्याने दोन्ही हात फाकून बोर्ड किती छोटा ते दाखवलं.

कमिटीने त्याला तिथल्या तिथे हो म्हटलं. गोजरबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. राजरत्न हेल्मेट काखेत मारून तिच्याजवळून जाता जाता थांबला.

"मावशी, मी ब्लॉक टाकत होतो तेव्हा तुमच्यासाठी भिंतीकडेने वीतभर माती सोडणार होतो. मनात होतं माझ्या. तुमचा देव तर तेवढीही सोडत नाही."

"हस, हस."

"हसत नाहीये," तो म्हणाला, आणि हसला.

त्या संध्याकाळी क्रेटवर बसल्यावर गोजरबाईने पाय खाली सोडले तर पायाला उदबत्तीची काडी टोचली. तिने ती काडी काढून हातात धरली आणि बराच वेळ बघत राहिली. भागीरथीच्या वेळी निदान समोर फावडं होतं. इथे तिने स्वतःच्या हाताने देव बसवला होता, आणि देवासमोर चंची उघडून काय उपयोग?

वेणूबाई शेजारी बसून आपल्याच नादात बोलत होती. "पण माका एक पटत नाय गोजरबाई. देवाक विचारल्याशिवाय घर कसा बांधतंत? आमच्याकडे कौल लावल्याशिवाय देवळाचा एक कौलसुद्धा हलवणत नाय. फूल लावायचा, विचारायचा. उजवा पडला तर होय. डावा पडला तर नको."

गोजरबाईच्या हातातली काडी थांबली.

"फूल कुठे लावतात?"

"देवाच्या अंगाक. ओला करून."

"आणि ते आपोआप पडतं?"

"देव पाडता."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाई पुन्हा कचरा टाकायला खाली आली. जांभळीचं एक फूल खुडलं, पाण्यात बुडवलं आणि वरवंट्याच्या कपाळावर चिकटवलं. फूल सावकाश घसरलं आणि डावीकडे पडलं. दुसरं लावलं, डावीकडे. तिसरंही डावीकडे. विटेचा तुकडा उजवीकडे सारलेला होता, देव जरासा डावीकडे झुकून बसला होता. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकाच. गोजरबाईने त्याला मनोभावे हात जोडले. पहिल्यांदाच.

मग तिने चारचौघांत वेणूबाईचं म्हणणं मांडलं. देवाला न विचारता घर बांधून उद्या काही झालं तर? हे वाक्य तिने अर्धंच सोडलं. अर्धी वाक्यं माणसं स्वतः पुरी करतात आणि भ्यायला लागतात. रविवारी सकाळी सगळी इमारत पंपाच्या खोलीमागे जमली. जयदेव सेठ पांढरा सदरा घालून आला, मोजमापाची टेप खिशात. वेणूबाईने रीत सांगितली, आणि वयाने मोठी म्हणून विचारायचा मान गोजरबाईकडे आला. तिने तो नको-नको म्हणत घेतला.

"देवा," ती मोठ्याने म्हणाली, "डोक्यावर घुमट हवा असेल तर उजवा दे."

फूल घसरलं. डावीकडे पडलं. लोकांत कुजबुज झाली.

"ग्रॅनाइट हवं असेल तर उजवा दे."

डावा.

"एक मिनट, अम्मा," जयदेव पुढे झाला. "टाइल पूछो. व्हिट्रिफाइड. भगवान को चॉइस तो दो."

"देवा, सेठची टाइल हवी असेल तर उजवा दे."

डावा. जयदेवने टेप खिशात आणखी खोल सारली.

"बरं, मग ही जांभळीच आहे तशी राहू दे का? कुणी तुडवायची नाही, उपटायची नाही, उदबत्ती खोचायची नाही? राहू दे म्हणत असशील तर डावा दे."

"थांबा," राजरत्न म्हणाला. तो मागे हाताची घडी घालून उभा होता. "आत्तापर्यंत उजवा म्हणजे होय होतं. आता डावा कसा?"

सगळ्यांनी गोजरबाईकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम आला. पण जीभ कोरडी पडली नाही.

"तीनदा डावीकडे वळलाय बाबा तो. आता त्याला उलट वळवून मान आखडवू का देवाची?"

वेणूबाई म्हणाली, "सोयीन् विचारतंत. चालता." आणि फूल पडलं. डावीकडे.

लोकांनी हात जोडले. झालं, असं गोजरबाईला वाटलं. तिने पदराने कपाळ पुसलं.

"मलाही एक विचारायचंय," राजरत्न म्हणाला.

गोजरबाईचा पदर कपाळावरच राहिला. "तू विचारणार? तुझा कुठे विश्वास?"

"माझा नाही. पण सोसायटीचा आहे, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी." तो पुढे आला, जांभळी न तुडवता, कडेकडेने पाय टाकत. खाली वाकला तेव्हा त्याने विटेच्या त्या तुकड्याकडे पाहिलं, मग गोजरबाईकडे. त्याला फक्त बोट लावायचं होतं. तुकडा हलला असता, देव सरळ झाला असता, आणि पुढचं काय झालं असतं ते देवच जाणे. त्याने बोट लावलं नाही. ओलं फूल चिकटवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "तुम्ही इथे पाहुणे म्हणून आला असाल, आणि आता तुम्हाला आपल्या मूळ घरी जायचं असेल, तर डावा द्या."

फूल डावीकडे पडलं.

"मूळ घर कुठलं पण?" कुणीतरी विचारलं.

"ते मावशींना माहीत असेल," राजरत्न म्हणाला. "त्याच सगळ्यात जुन्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वी दारात एका सासूने सुनेकडे असंच पाहिलं होतं. गोजरबाईने एक सुस्कारा सोडला आणि सांगितलं की बदलापूरच्या पलीकडे, आमच्या गावाला, खळ्याच्या कडेला अशीच जांभळी आहे. देव तिथूनच आला असणार. हे बोलताना तिच्या लक्षात आलं की यातलं एक अक्षरही खोटं नाही. वरवंटा तिथूनच तर आणला होता.

मिरवणूक जयदेवच्या टेम्पोतून निघाली. टेम्पोवर दुकानाचं नाव होतं, सेठ खूश. वेणूबाई पुढे बसली, मांडीवर देव; गोजरबाई आणि राजरत्न मागे. गावाला पोचल्यावर गोजरबाईने खळ्याची कड पाहिली. भागीरथी वारली तेव्हापासून हिरामणने फावड्याला हात लावला नव्हता, असं मोठी जाऊ सांगायची, म्हातारा शेवटी शेवटी तिथेच पाय पसरून बसायचा आणि कुणी कडेने गेलं तर ओरडायचा, "तुडवू नका रे." आता जांभळी कडेची राहिली नव्हती, अर्धं खळं तिचंच होतं. तिथे त्यांनी देव ठेवला. वेणूबाई रडली. गोजरबाईही रडली, चटणीसाठी, असं ती नंतर म्हणाली, पण तेवढ्यासाठी कुणी इतकं रडत नाही. पाटा घरी होता, नवा वरवंटा बाजारात मिळत होता, तरी तिने तो कधी घेतला नाही. मिक्सरची चटणी खायची आणि रोज नावं ठेवायची. किर्तीने एकदा सांगितलं, "आई, नवा घेऊन येते," तर म्हणाली, "नको. परत कुणी देव झाला तर?"

टेम्पो परत येताना जयदेवने गोडाऊनवर थांबवला आणि राजरत्नला भोकांचे ब्लॉक दाखवले. मधे पोकळ्या असतात, त्यातून गवत वर येतं. पडून होते, कुणी घेत नव्हतं. "भगवान ने टाइल को मना किया," तो म्हणाला, "होल को तो मना नहीं किया ना?" राजरत्नने गुपित राखलं होतं, म्हणून गोजरबाईनेही मान हलवली, आणि भिंतीच्या बाजूने अर्ध्या जागेत ते ब्लॉक बसले. बबनच आला बसवायला, आधी खाली वाकून खात्री करून. पोकळ्यांत गोजरबाईने बी टाकलं. पुढच्या श्रावणात गाड्यांच्या चाकांमधून जांभळी जिभा काढू लागली. राजरत्नच्या गाडीतून तेल गळायचं. त्याखालची दोन भोकं कायम ओकी राहिली आणि त्यावरून तो रोज बोलणी खात राहिला.

"मावशी, गाडी आहे. गळणारच."

"माझं नाक पण गळतं. मी कुणाच्या अंगणात पुसते का?"

यानंतर गोजरबाईचा एक नेम सुरू झाला. संध्याकाळी किर्ती तिला कोथिंबीर आणायला पाठवायची. घरात कोथिंबीर असली तरी पाठवायची, नाहीतर सासूबाई खिडकीशी येरझारा घालायच्या. जाताना ती पिकायला आलेल्या शेंगा चंचीत भरून घ्यायची. वाटेत जिथे जिथे ब्लॉक घातलेलं आवार दिसेल तिथे गेटच्या फटीतून हात घालून शेंगा चिमटायची. टप, टप. वॉचमन विचारायचे, "क्या डाला, अम्मा?" ती म्हणायची, "तंबाखू." आणि परत आल्यावर सगळ्यात टपोऱ्या दोन शेंगा राजरत्नच्या हेल्मेटमध्ये ठेवायची, ते तो गाडीच्या आरशाला उलटं अडकवून ठेवत असे. राजरत्न एकदा म्हणाला की अंबरनाथला फॅक्टरीच्या सायकल स्टँडवर काहीतरी जांभळं जांभळं उगवलंय, कुणाला कळत नाही कुठून आलं. ती म्हणाली, "मुंग्या असतील." त्याने हेल्मेट उलटं अडकवायचं सोडलं नाही. संध्याकाळी उशिरा गाडी घेऊन जायचं असलं तर ती येऊन जाईपर्यंत तो जिन्यात उगाच फोन बघत उभा राहायचा.

गोजरबाई गेली ती एका थंडीत, पहाटेच्या झोपेत, कुणाला त्रास न देता. म्हणजे द्यायचा तो त्रास आधीच देऊन झाला होता. आदल्या संध्याकाळी किर्तीने फ्रिजमधली कोथिंबिरीची जुडी भाजीखाली लपवली आणि म्हणाली, "आई, कोथिंबीर संपलीय."

"कालच तर आणली," गोजरबाई म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

कठडा धरून ती खाली उतरली. शेंगा थंडीत कमी धरतात, तरी चंचीपुरत्या मिळाल्या. पुढच्या गल्लीत नवा टॉवर झाला होता, दारापासून दारापर्यंत नुसते ब्लॉक. तिथे तिने चार चिमटल्या. वॉचमन नवा होता; त्याला तंबाखू म्हणून सांगितलं. भाजीवाल्याशी एका मिरचीवरून वाद घातला आणि दोन मिरच्या मिळवल्या. परत आली तेव्हा राजरत्न जिन्यात फोन बघत उभा होता, गाडीची चावी बोटाला. त्याने वर पाहिलं नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. हेल्मेटमध्ये दोन शेंगा ठेवल्या, गाडीखालच्या ओक्या भोकाकडे बघून "मेल्या, तेल" म्हणाली, आणि कोथिंबीर पदराखाली घेऊन सावकाश वर गेली.